भातावरून शिताची परीक्षा : क्ष-किरण आणि प्रथिनांच्या स्फटिकांतील धातू

शीर्षक वाचून काहींना हा पाककलेचा विषय वाटला असेल, पण तसं नाही. आपण मराठीत ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणतो. एक शीत चेपून पाहिलं की भात शिजला की नाही ते कळतं. पण ही परीक्षा उलटी करता येते का? भात वरून छान मोकळा दिसतो, म्हणून तळाचं एक ठरावीक शीत करपलेलं नाही, असं सांगता येईल का? प्रथिनांच्या रचना क्ष-किरणांनी शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनी सुमारे चाळीस वर्षं ही उलटी परीक्षा वापरली. ती बहुतेक ठिकाणी चालूनही गेली. जिथे ती फसली ती जागा मात्र सगळ्यात महत्त्वाची होती. आज आपण तो इतिहास पाहू.

विषय महत्त्वाचा का, ते आधी पाहू. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं, त्यालाच प्राणवायू चिकटतो. झाडाच्या पानात पाणी फोडून प्राणवायू मोकळा करणाऱ्या यंत्रणेत मँगनीज असतं. आपल्या श्वसनाच्या शेवटच्या पायरीवर जे विकर काम करतं, त्यात लोह आणि तांबं दोन्ही असतात. साधारण एक-तृतीयांश प्रथिनांना कुठला ना कुठला धातू लागतो, असा अंदाज सांगितला जातो. आणि अशा प्रथिनांत खरं रसायन बहुधा त्या धातूपाशीच घडतं. बाकीचे हजारो अणू त्या धातूला योग्य जागी, योग्य स्थितीत धरून ठेवतात. म्हणून धातूचं चित्र चुकलं, तर बाकीचं चित्र कितीही सुबक असलं तरी प्रथिनाच्या कामाची आपली समजूत चुकते.

स्फटिक, ठिपके आणि पहिली छायाचित्रं

प्रथिनाचा एकच रेणू क्ष-किरणात धरला, तर त्यापासून मिळणारा संकेत फारच क्षीण असतो. म्हणून रेणूंचा स्फटिक करावा लागतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या स्फटिकात काही लाख कोटी रेणू कवायतीच्या रांगांसारखे उभे असतात. त्यांच्यावर क्ष-किरण टाकले की विखुरलेल्या लहरी काही दिशांना एकमेकींना बळ देतात, काही दिशांना मारतात, आणि पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटते. ठिपक्यांच्या तीव्रतेवरून गणिताने उलट जाऊन रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या घनतेचा नकाशा काढता येतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. हा नकाशा कुणा एका रेणूचा नसतो. सगळ्या लाख कोटी रेणूंची सरासरी आणि पूर्ण मोजणीच्या काळाची सरासरी, अशा दोन्ही सरासऱ्या त्यात मिसळलेल्या असतात.

प्रथिनाच्या स्फटिकाचं पहिलं चांगलं क्ष-किरण छायाचित्र १९३४ साली केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफुट यांनी घेतलं. या क्रोफुट म्हणजेच पुढच्या डोरोथी हॉजकिन, १९६४ च्या नोबेल विजेत्या. प्रथिन होतं पेप्सिन, आपल्या जठरातलं पाचक विकर. हे स्फटिक स्वीडनमधल्या उप्सालाच्या प्रयोगशाळेत वाढले होते आणि तिथून केंब्रिजला आणले गेले. बर्नालच्या लक्षात आलं की हवेत ठेवलेला स्फटिक सुकतो आणि त्याची रांगोळी पुसली जाते. ज्या द्रावात तो वाढला, त्याच द्रावासकट बारीक काचनळीत बंद केला तर ठिपके टिकतात. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच ‘स्फटिक जपावा कसा’ या प्रश्नाने झाली. तेव्हा शत्रू होता कोरडेपणा. दुसरा शत्रू, म्हणजे खुद्द क्ष-किरण, अजून फारसा ध्यानात आला नव्हता.

पुढे जॉन केंड्र्यू यांनी देवमाशाच्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनची रचना काढली. १९५८ साली ढोबळ, आणि १९६० साली २ अँगस्ट्रॉम इतक्या तपशिलाची. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश, आणि या पट्टीत अणूंमधली अंतरं एक-दोन-तीन अशी मोजली जातात. मॅक्स पेरूट्झ यांचं हिमोग्लोबिनही त्याच सुमाराचं. १९६२ चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. ही दोन्ही प्रथिनं लोहाची आहेत. या शास्त्राने पहिल्यांदा डोळे उघडले तेच धातूच्या प्रथिनांवर, हे आपल्या गोष्टीच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखं आहे.

एका फोटॉनची किंमत

मोजणी करताना एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती. स्फटिक जितका जास्त वेळ किरणात राहील तितके ठिपके फिके पडत जातात, आणि बाहेरचे, म्हणजे बारीक तपशील सांगणारे ठिपके सर्वांत आधी जातात. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कॉलिन ब्लेक आणि डेव्हिड फिलिप्स यांनी याचा रीतसर हिशेब मांडला, आणि तोही मायोग्लोबिनच्या स्फटिकांवर. १९६२ साली त्यांनी सांगितलं की नुकसान हे शोषलेल्या मात्रेच्या प्रमाणात वाढतं. त्यांच्या अंदाजाने शोषला गेलेला प्रत्येक फोटॉन सुमारे ७० रेणू पार मोडतो आणि आणखी सुमारे ९० रेणू विस्कटतो.

एक फोटॉन आणि ७० रेणू, हे कसं काय? हिशेब बघा. १ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या क्ष-किरणातल्या एका फोटॉनची ऊर्जा साधारण १२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. दोन कार्बन अणूंमधला बंध तोडायला चार इलेक्ट्रॉन-व्होल्टसुद्धा लागत नाहीत. म्हणजे एकाच फोटॉनच्या खिशात तीन हजार बंध तोडण्याएवढा पैसा असतो. त्यातून बहुतेक फोटॉन स्फटिकाला स्पर्शही न करता आरपार जातात. जे अडकतात, त्या शंभरातले साधारण आठच ऊर्जा न गमावता विखुरतात, आणि आपल्याला उपयोगी ठिपके देतात ते हेच आठ. आणखी आठेक जण थोडी ऊर्जा सांडून जातात. उरलेले चौऱ्याऐंशीच्या आसपास फोटॉन पूर्ण शोषले जातात आणि एखाद्या अणूतून वेगवान इलेक्ट्रॉन उडवतात. तो इलेक्ट्रॉन स्फटिकात काही मायक्रोमीटर धावतो आणि वाटेत सुमारे पाचशे ठिकाणी आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतो. म्हणजे माहिती देणाऱ्या एका फोटॉनमागे दहा जण मोडतोड करून जातात. हा भाव कमी करता येत नाही, तो निसर्गाने ठरवलेला आहे.

त्या काळी यावर उपाय सरळ होता. ठरावीक ठिपके अधूनमधून मोजत राहायचे. ते ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त फिके पडले की स्फटिक टाकून द्यायचा आणि नवा लावायचा. इथेच आपली भाताची परीक्षा रूढ झाली : ठिपके चांगले, म्हणजे स्फटिक चांगला, म्हणजे आतला रेणू चांगला, आणि म्हणून त्या रेणूतला धातूही चांगला. या साखळीतली शेवटची कडी कुणी वेगळी तपासली नव्हती. तपासायचं तसं कारणही कुणाला दिसत नव्हतं.

थंडीचा आधार

१९७० च्या दशकात सिंक्रोट्रॉन आले. कणांना वर्तुळात फिरवणारी ही प्रचंड यंत्रं प्रयोगशाळेतल्या नळीपेक्षा कितीतरी प्रखर क्ष-किरण देतात. १९७६ साली स्टॅनफर्डच्या गटाने प्रथिनांच्या स्फटिकांवर ते वापरून दाखवले. महिन्यांचं काम तासांवर आलं, पण तितक्याच वेगाने स्फटिकही मरू लागले.

मग थंडीकडे लक्ष गेलं. १९७० सालीच हास आणि रॉसमन यांनी एका विकराचे स्फटिक उणे ७५ अंश सेल्सिअसला नेऊन ते जास्त टिकतात असं दाखवलं होतं. अडचण बर्फाची होती. पाण्याचा बर्फ झाला की प्रथिनाचा स्फटिक आतून फुटतो. १९८८ साली हॉकोन होप यांनी सर्वांना जमेल अशी पद्धत मांडली. स्फटिकावर तेलाचा पातळ थर द्यायचा आणि तो एका झटक्यात १०० केल्विनला, म्हणजे उणे १७३ अंशांना न्यायचा. पाण्याला बर्फाच्या कण्या करायला सवडच मिळत नाही, ते काचेसारखं गोठतं. पुढच्याच वर्षी आदा योनाथ यांच्या सहकार्याने रायबोसोमच्या नाजूक स्फटिकांवर ही रीत यशस्वी झाली. १९९० मध्ये त्सू-यी तेंग यांनी बारीक तंतूच्या फाशात द्रावाच्या पडद्यासकट स्फटिक उचलायची युक्ती काढली, आणि मग ही पद्धत घराघरात पोहोचली. इथे घर म्हणजे प्रयोगशाळा. थंडीने स्फटिकाचं आयुष्य सरासरी ७० पट वाढतं, असं नंतरच्या मोजमापांवरून दिसलं.

थंडी नेमकं काय करते? पाण्यातून सुटलेले विध्वंसक मूलक त्या काचेत जागच्या जागी खिळतात. ते पसरत नाहीत, शेजारच्या रेणूंना छळत नाहीत. पण, आणि हा ‘पण’ आपल्या सगळ्या गोष्टीचा कणा आहे, इलेक्ट्रॉन खिळत नाहीत. १०० केल्विनलाही ते प्रथिनाच्या साखळीतून वाट काढत फिरतात आणि जिथे त्यांना हवी तशी जागा मिळते तिथे जाऊन बसतात.

किती मात्रा चालेल, याला आकडा दिला रिचर्ड हेंडरसन यांनी, १९९० साली. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या अनुभवावरून त्यांनी भाकीत केलं की थंड केलेल्या प्रथिन-स्फटिकाचे ठिपके २० मेगाग्रेच्या आसपास निम्मे होतील. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक जूल ऊर्जा. २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या एल्स्पेथ गार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष मोजून ३० मेगाग्रे ही व्यवहारातली मर्यादा सुचवली. किलोमागे तीन कोटी जूल! एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणायला लागतात त्याच्या शंभरेक पट. गंमत म्हणजे ही मोजणी त्यांनी फेरिटिनवर केली, जे शरीरात लोह साठवतं. लोहासकट आणि लोहाशिवाय, असे दोन्ही स्फटिक वापरले. पण मोजले ते ठिपकेच. म्हणजे हा आकडा स्फटिकाच्या आयुष्याचा आहे. आतल्या धातूच्या आयुष्याचा तो नाही, आणि तसा दावा त्या आकड्याने कधी केलाही नव्हता. वाचणारे मात्र तसं धरून चालत होते.

बोटांचे ठसे

१९९९ साली फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनवर या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली. पुढच्याच वर्षी तीन गटांचे लेख एकापाठोपाठ आले : बुर्मायस्टर यांचा, रावेली आणि मॅकस्विनी यांचा, आणि वाइक व सहकाऱ्यांचा. तिघांचं म्हणणं एकच होतं. नुकसान स्फटिकभर सारखं पसरत नाही, ते जागा निवडतं. गंधकाच्या दोन अणूंमधले पूल आधी तुटतात. मग काही आम्लांच्या टोकांवरून कार्बन डायऑक्साइड सुटून जातो. आणि हे होत असताना ठिपके अजून चांगलेच असतात. रावेली आणि मॅकस्विनी यांनी आपल्या लेखाच्या नावातच याला बोटांचे ठसे म्हटलं. चोर घरात येऊन गेला, घर जागच्या जागी आहे, पण ठसे उमटलेत.

गंधकाचा पूल तुटला तर नकाशात फट दिसते, आणि सराईत डोळ्याला ती कळते. धातूचं प्रकरण जास्त आतल्या गाठीचं आहे. धातूचा आयन इलेक्ट्रॉन स्वीकारतो, त्याला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. लोह-३ चं लोह-२ होतं, मँगनीज-४ चं मँगनीज-३ आणि शेवटी मँगनीज-२. आयन कुठे पळून जात नाही. नकाशात तो तसाच गोळा दिसतो. बदलतात ती त्याच्या भोवतालची अंतरं. मँगनीज-३ किंवा ४ आणि ऑक्सिजन यांच्यात १.८ ते १.९ अँगस्ट्रॉमचा घट्ट बंध असतो. मँगनीज-२ झालं की तो २.२ च्या घरात जातो. रसायनाच्या दृष्टीने हा जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण हजारो अणूंच्या प्रथिनात चार अणू एवढे सरकले, तर ठिपक्यांच्या रांगोळीत तो बदल कुणाला जाणवणार?

बरं, धातूच का? कारण निसर्गाने हे धातू तिथे बसवलेत तेच मुळी इलेक्ट्रॉनांची देवघेव करायला. स्फटिकभर मोकाट इलेक्ट्रॉन फिरत असतील, तर ज्याचा धंदाच इलेक्ट्रॉन घेण्याचा आहे त्याच्या दारात ते आधी जाणार. ज्या गुणामुळे तो धातू आपल्याला अभ्यासावासा वाटतो, त्याच गुणामुळे तो क्ष-किरणांना सर्वांत आधी बळी पडतो.

पानातलं मँगनीज

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. हिरव्या पानांत, शेवाळांत आणि सायनोबॅक्टेरियांत प्रकाशप्रणाली-२ नावाचं प्रथिनांचं मोठं संकुल असतं. सूर्यप्रकाशाच्या बळावर ते पाणी फोडतं आणि प्राणवायू सोडतं. आपण आत्ता या सभागृहात जो प्राणवायू घेतोय, तो याच यंत्राचा. त्याच्या केंद्रात मँगनीजचे चार आणि कॅल्शियमचा एक, असा अणूंचा पुंजका आहे. त्याची रचना कळली तर पाण्यापासून इंधन कसं मिळवावं याचा नमुना मिळेल, अशी रसायनशास्त्रज्ञांची जुनी आशा. म्हणून यावर जगभर शर्यत लागली.

या पुंजक्याकडे दोन बाजूंनी लोक पाहत होते. एक बाजू वर्णपटवाल्यांची. कॅलिफोर्नियात बर्कलीला मेल्विन क्लाइन आणि केनेथ सावर यांच्या गटाने १९८१ मध्येच क्ष-किरण शोषणाच्या वर्णपटावरून सांगितलं होतं की दोन मँगनीज अणूंमध्ये २.७ अँगस्ट्रॉमच्या आसपासचं अंतर आहे. या पद्धतीत स्फटिक लागत नाही. अणूंचा नकाशा मिळत नाही, पण एका धातूभोवतालची अंतरं फार अचूक मिळतात. शिवाय मँगनीज कुठल्या स्थितीत आहे हेही कळतं, कारण त्याची शोषणाची कडा इलेक्ट्रॉन मिळाला की खालच्या ऊर्जेकडे सरकते. हे लोक नमुना द्रवरूप हेलियमच्या थंडीत ठेवत आणि मात्रा कमीत कमी ठेवत, कारण कडा सरकताना त्यांना डोळ्यांसमोर दिसायची.

दुसरी बाजू स्फटिकवाल्यांची. २००१ साली बर्लिनच्या गटाने, अथिना झूनी आणि सहकाऱ्यांनी, ३.८ अँगस्ट्रॉमची पहिली रचना दिली. २००३ मध्ये जपानच्या कामिया आणि शेन यांनी ३.७ ची. २००४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या इवाता आणि बार्बर यांच्या गटाने ३.५ ची. या तिसऱ्या रचनेत तीन मँगनीज आणि एक कॅल्शियम घनाच्या कोपऱ्यांवर, आणि चौथा मँगनीज बाजूला लटकलेला, असा आकार सुचवला होता. २००५ मध्ये बर्लिनचीच ३.० ची आली. प्रत्येक नकाशा आधीपेक्षा स्वच्छ होता. पण पुंजक्याचे आकार एकमेकांशी नीट जुळेनात, आणि वर्णपटवाल्यांच्या अंतरांशी तर नाहीच.

कोण बरोबर? हे वादावादीने सुटण्यासारखं नव्हतं. मग जुंको यानो, विठ्ठल याचंद्रा आणि सहकाऱ्यांनी एक सरळ प्रयोग केला. ज्या स्फटिकांवरून रचना काढतात, तसेच स्फटिक घ्यायचे, तितकीच मात्रा द्यायची, आणि ठिपके मोजण्याऐवजी मँगनीजचा वर्णपट घ्यायचा. म्हणजे भात सोडून थेट ते शीत चेपायचं. निकाल २००५ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला पुंजक्यातली दोन मँगनीज ३ आणि दोन मँगनीज ४ स्थितीत, ऑक्सिजनच्या पुलांनी जोडलेली. रचना काढताना जी परिस्थिती असते, तीत वर्णपट सरकत सरकत पाण्यात सुट्या विरघळलेल्या मँगनीज-२ सारखा होतो. म्हणजे पूलच उरत नाहीत. आणि हे ज्या मात्रेला होतं, ती ठिपके विझायला लागणाऱ्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. तेव्हा ‘सुरक्षित’ समजल्या जाणाऱ्या मात्रेत मँगनीजचा पुंजका उद्ध्वस्त झालेला असतो.

या लेखाच्या लेखकांची यादी पाहिली की आम्हाला फार बरं वाटतं. त्यात बर्कलीचे वर्णपटवाले आहेत आणि बर्लिनच्या ज्या मंडळींनी त्याच वर्षी ३.० अँगस्ट्रॉमची रचना दिली, त्यांतले झूनी, लोल आणि बिसियाद्का हेही आहेत. आपल्याच नकाशाच्या मध्यभागावर प्रश्नचिन्ह लावणाऱ्या प्रयोगाला त्यांनी स्फटिक दिले आणि खाली नावही घातलं. विज्ञान स्वतःला सुधारतं असं आपण सहज म्हणून जातो. ते आपोआप होत नाही, कुणाला तरी असं नाव घालावं लागतं.

शत्रूला कामाला लावणं

याच सुमारास काहींनी या नुकसानीला उलटं वापरायचं ठरवलं. सुटे इलेक्ट्रॉन धातूकडे जातातच, तर त्यांनाच विकराची क्रिया पुढे ढकलू द्यावी. २००० साली इल्मे श्लिश्टिंग आणि सहकाऱ्यांनी पी-४५० नावाच्या लोहाच्या विकरात हे केलं. २००२ साली बर्गलुंड, हायडू आणि सहकाऱ्यांनी हॉर्सरॅडिश या झाडातल्या पेरॉक्सिडेजवर केलं. त्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. अनेक स्फटिक घ्यायचे, प्रत्येकाच्या मोजणीचे लहान तुकडे करायचे, आणि समान मात्रेचे तुकडे एकत्र जोडायचे. मग शून्याजवळच्या मात्रेची एक रचना मिळते, थोड्या मात्रेची दुसरी, त्याहून जास्तीची तिसरी. लोहाला चिकटलेला प्राणवायू पायरीपायरीने कसा तुटतो, ते चित्रमालेसारखं उलगडतं. मात्रा मोजून वापरली की तेच विष औषध होतं, आणि न मोजता वापरली की फसवणूक.

मरणाआधीचं छायाचित्र

प्रकाशप्रणाली-२ कडे परत जाऊ. २०११ साली ओसाकाचे कामिया आणि ओकायामाचे शेन यांच्या गटाने १.९ अँगस्ट्रॉमची रचना दिली. मोठे स्फटिक, किरण एका जागी न ठेवता सरकवत नेणं, आणि त्यामुळे मर्यादित मात्रा. पहिल्यांदा पुंजक्यातले पाचही ऑक्सिजन वेगवेगळे दिसले. आकार वाकड्या खुर्चीसारखा. हा फार मोठा टप्पा होता. तरीही मँगनीजमधली काही अंतरं वर्णपटाच्या मानाने लांब होती, आणि एका ऑक्सिजनचे बंध तर संशय यावा इतके लांब. म्हणजे थोडंसं क्षपण अजूनही शिल्लक होतं.

मग उपाय काय? मात्रा शून्य करता येत नाही. पण वेळ कमी करता येतो. २००० साली नॉयत्से, हायडू आणि सहकाऱ्यांनी गणनेने दाखवलं होतं की किरणाचा झोत काही फेमटोसेकंदांचा असेल, तर रेणू मोडायच्या आत त्याचे ठिपके उमटून जातील. फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचे दहा कोटी भाग करून त्यातल्या एकाचे पुन्हा एक कोटी भाग करावेत, तेवढा क्षण. अणूंना जागा सोडायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात असे झोत देणारा क्ष-किरण लेसर सुरू झाला. २०११ मध्ये हेन्री चॅपमन आणि सहकाऱ्यांनी तिथे प्रकाशप्रणाली-१ च्या अतिसूक्ष्म स्फटिकांची धार झोतासमोर सोडली आणि ३० लाखांहून अधिक छायाचित्रं जमवली. प्रत्येक स्फटिक एकदाच दिसायचा आणि लगेच नष्ट व्हायचा.

२०१३ मध्ये यानो, याचंद्रा आणि त्यांच्या मोठ्या गटाने प्रकाशप्रणाली-२ वर हेच केलं, आणि एका गोष्टीची भर घातली. त्याच झोतात, त्याच क्षणी, एका बाजूला ठिपके आणि दुसऱ्या बाजूला मँगनीजचा वर्णपट. भात आणि शीत एकदमच तपासलं. वर्णपटाने सांगितलं की मँगनीज जागेवर आहे, क्षपण झालेलं नाही. आणि २०१५ मध्ये जपानी गटाने आपल्याकडच्या क्ष-किरण लेसरवर १.९५ अँगस्ट्रॉमची रचना मिळवली. त्यात मँगनीजमधली अंतरं २०११ च्या रचनेपेक्षा ०.१ ते ०.२ अँगस्ट्रॉमने कमी निघाली. १९८१ पासून वर्णपटवाले जे सांगत होते, त्याच्याशी नकाशा अखेर जुळत आला.

इथे गोष्ट संपली असं वाटतं, पण धातूंनी तिला एक शेपूट जोडलंय. त्याच २०१५ साली फेरेडॉक्सिन या लोह-गंधकाच्या प्रथिनावर अतिप्रखर लेसर झोतांत प्रयोग झाला, आणि लोहाच्या पुंजक्यांजवळ नुकसानीच्या खुणा दिसल्या. काही फेमटोसेकंदांतही, झोत पुरेसा प्रखर असेल तर, तक्रार करणारा पहिला धातूच.

मग आपण काय घ्यायचं?

हा प्रश्न फक्त परदेशातल्या लेसरवाल्यांचा नाही. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या स्फटिकांसाठी किरणरेषा उभारली आहे. तिथे काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सांगावंसं वाटतं. झोत सौम्य आहे म्हणून धातू वाचेल, असं धरू नका. १०० केल्विनला नुकसान मुख्यतः एकूण मात्रेवर ठरतं. हळू दिली म्हणून मात्रा कमी होत नाही. कर्ज एकरकमी घेतलं काय किंवा हप्त्याहप्त्याने घेतलं काय, बाकी तेवढीच.

करता येण्यासारखं बरंच आहे. मात्रेचा हिशेब मोजणीपूर्वी मांडावा. मोठा स्फटिक सरकवत, फिरवत वापरावा, किंवा अनेक स्फटिकांवर मात्रा वाटावी. मोजणीआधी आणि नंतर स्फटिकाचा दृश्य प्रकाशातला वर्णपट घ्यावा, कारण लोहाची आणि तांब्याची कित्येक प्रथिनं क्षपण झालं की रंग बदलतात, आणि ते साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसू शकतं. आणि धातूची रचना प्रसिद्ध करताना तो कुठल्या स्थितीत होता, हे कशावरून ठरवलं ते लिहावं.

जुन्या रचनांचं काय, त्या फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. प्रथिनाची घडी, साखळ्यांची मांडणी, कुठलं अमिनो आम्ल कुणाच्या शेजारी, हे सगळं त्यांत बहुतांशी बरोबर आहे. पण १९७१ पासून चालत आलेल्या प्रथिन-रचनांच्या जागतिक कोठारातून धातूची एखादी रचना उतरवून घेतली आणि तीत लोह-३ लिहिलेलं दिसलं, तर क्षणभर थांबावं. ते लेबल बाटलीत काय भरलं होतं ते सांगतं. मोजणी संपली तेव्हा बाटलीत काय उरलं होतं, ते नाही.

ब्लेक आणि फिलिप्स यांनी १९६२ साली नुकसान मोजलं, हेंडरसन आणि गार्मन यांनी त्याला मर्यादा घातली. त्यांचे आकडे आजही खरे आहेत. बदललं ते एवढंच की तो आकडा कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे आता नीट कळलं. ‘स्फटिक किती टिकेल’ आणि ‘धातू किती टिकेल’ हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि दुसरा विचारायला आणखी चार दशकं लागली. कुठलंही मोजमाप हातात आलं की ते नेमकं कशाचं आहे हे विचारायची सवय आपण सगळ्यांनीच लावून घ्यावी, मग ते स्फटिकाचं असो वा आणखी कशाचं. आता प्रश्नोत्तरांकडे वळू.